मोझेसच्या खोलीतला रविवार

परदेशी गेलेल्या माणसाची पहिल्या सहा महिन्यांत फारशी काळजी करू नये, असे माझे मत झाले आहे. त्या दिवसांत तो गांगरलेला असतो, आणि गांगरलेल्या माणसाला रस्ता विचारण्यापुरते तरी बोलावेच लागते. कोणी गाववाला भेटला की त्याचा हात तो सोडत नाही. काळजी करावी ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तोवर रस्ते पाठ झालेले असतात, पगार वेळेवर होत असतो, जेवणाखाण्याची सोय लागलेली असते. आणि संध्याकाळी घरी येऊन दाराला कडी घातली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चकार शब्द न बोलता त्याचे उत्तम चालते. माणसांची सवय अशी अगदी सुखासुखी सुटते. पुढे ती पुन्हा लावून घ्यायची म्हटली म्हणजे मात्र पंचाईत होते. दहा वेळा बोलावूनही ज्यांच्याकडे गेलो नाही, त्यांच्या दारात अकराव्या वेळी न बोलावता काय तोंड घेऊन उभे राहावयाचे?

मी काही वर्षे लंडनमध्ये होतो, आणि चौथ्या हिवाळ्यात माझी अवस्था साधारण अशीच झाली होती. त्या हिवाळ्यात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून मी एक पातळशी कादंबरी घेऊन आलो. सॅम्युएल सेल्व्हन या लेखकाची ‘द लोनली लंडनर्स’. नाव पाहून वाटले, आपल्यासारख्याच कुणाचे दुःख वाचून जरा बरे वाटेल. वाचली, आणि बरे वाटण्याऐवजी मला लेखकाचा थोडा रागच आला. पुस्तकाचे नाव ‘एकाकी लंडनकर’, आणि आत पाहावे तर पानापानावर माणसांची ही गर्दी! एकटे बसलेले माणूस सापडायला मारामार. एक उठतो तो दुसऱ्याच्या खोलीवर जातो, दुसरा तिसऱ्याकडून पैसे उसने घेतो, तिसरा चौथ्याच्या डोक्याशी येऊन गप्पा ठोकीत बसतो. याला का एकटेपण म्हणावयाचे? ही माझी पहिली तक्रार. नंतर ते पुस्तक मी तीन-चार वेळा वाचले, आणि ही तक्रार कशी विरघळत गेली तेच येथे सांगावयाचे आहे.

लेखकाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आपल्याकडे त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही आणि वास्तविक तो आपल्याच लांबच्या नात्यातला. सेल्व्हनचा जन्म १९२३ सालचा, वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावरचा. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी १८४५ पासून १९१७ पर्यंत हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर त्या बेटावर नेले जात. त्यामुळे तेथल्या वस्तीत आपल्याकडच्या वंशाचे लोक पुष्कळ. सेल्व्हनचे वडील भारतीय वंशाचे होते. १९५० साली तो बोटीने लंडनला आला, पडतील ती कामे केली, पुढे तेथल्या भारतीय वकिलातीच्या कचेरीत कारकुनी केली आणि फावल्या वेळात लिहिले. ही कादंबरी १९५६ साली प्रसिद्ध झाली. महायुद्धानंतर इंग्लंडला कामाला हात हवे होते. १९४८ च्या कायद्याने वसाहतींतल्या प्रजेला ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा हक्क होता. आणि त्याच वर्षी जून महिन्यात ‘एम्पायर विंडरश’ ही बोट टिलबरी बंदराला लागली. तेव्हापासून वेस्ट इंडीजमधून येणाऱ्यांची जी रीघ लागली, तिच्यातली दहा-बारा माणसे सेल्व्हनने उचलली आहेत.

कथानक म्हणावे असे काही नाही. मोझेस नावाचा त्रिनिदादचा एक माणूस लंडनात दहा वर्षे काढून बसला आहे. कारखान्यात काम करतो. बेजवॉटर भागात त्याची खोली आहे. गावाकडून कोणी नवा यावयाचा झाला की मोझेसचा पत्ता आधी विलायतेला पोहोचलेलाच असतो! कादंबरीच्या पहिल्याच पानावर तो हिवाळ्यातल्या एका धुकट संध्याकाळी वॉटर्लू स्टेशनकडे निघाला आहे. तिकडच्या कोणा ओळखीच्याने कळवले आहे, अमुक एक माणूस येतो आहे, त्याला उतरवून घे. मोझेसने त्या माणसाला कधी पाहिलेलेही नाही. बिछान्यातून उठताना, बसमध्ये बसताना तो मनातल्या मनात चडफडतो आहे. आपण मऊ, म्हणून जो तो आपल्याच गळ्यात पडतो, हे त्याला कळते आहे. आणि तरी तो निघाला आहे.

या सुरुवातीकडे टीकाकारांनी फारसे थांबून पाहिलेले मला आढळले नाही. ते बहुधा पुढल्या गमतीकडे धावतात, आणि तीही काही कमी नाही. गाडीतून उतरतो तो गॅलाहड. ऐन हिवाळ्यात उष्ण देशातला पातळ सूट घातलेला, सामानसुमान काही नाही, खिशात दात घासायचा ब्रश तेवढा! त्याला थंडीच वाजत नाही. उलट पुढे उन्हाळ्यात हा गडी कुडकुडतो. त्याच फलाटावर टॉलरॉय नावाचा दुसरा एकजण आपल्या आईला घ्यायला आला आहे, आणि आईबरोबर उतरते सगळे खटले: आत्याबाई, बहीण, मेहुणा आणि पोरेसोरे. टॉलरॉयचे तोंड पाहण्यासारखे होते. मुंबईला बोरीबंदरवर किंवा परळला एस. टी.च्या थांब्यावर ज्यांनी गावाकडची माणसे उतरवून घेतली आहेत, त्यांना हा फलाट ओळखीचा वाटेल.

परंतु मला महत्त्वाचे वाटते ते मोझेसचे चडफडत निघणे. माणसांना कंटाळलेला, दार लावून पडावेसे वाटणारा हा मनुष्य पुन्हा माणसांत येतो, तो काही ओढ लागली म्हणून येत नाही. कुणाचे तरी काम अंगावर पडते म्हणून येतो. ‘जरा लोकांत मिसळत जा,’ असा उपदेश आपण एकलकोंड्या माणसाला करतो, आणि तो व्यर्थ जातो. कारण मिसळणे हे काही स्वतंत्र काम नव्हे. एखाद्याला स्टेशनवरून आणणे हे काम आहे, एखाद्याला कामगार कचेरीचा रस्ता दाखवणे हे काम आहे. गॅलाहड पहिल्या सकाळी मोठ्या तोऱ्यात सांगतो, की मला कोणाची सोबत नको, मी एकटा जाईन. रस्त्यावर येतो, आकाशातल्या त्या निस्तेज, ऊब नसलेल्या सूर्याकडे पाहतो, भोवतालच्या घाईतल्या माणसांकडे पाहतो, आणि एकाएकी त्याचे पाय लटपटू लागतात. तेव्हा मागून मोझेसच येतो. हा प्रसंग दोन-तीन पानांचा आहे, पण थोर आहे. त्या भीतीचे सेल्व्हन स्पष्टीकरण देत बसत नाही.

आता रविवार. दर रविवारी सकाळी ही सगळी मंडळी मोझेसच्या खोलीवर जमतात. कोणी काही नेमलेले नाही, वर्गणी नाही, निरोप नाही. जणू चर्चमध्ये पापाची कबुली द्यावयास यावे तसे येतात, पलंगावर, जमिनीवर बसतात आणि बोलतात. काय बोलतात? अमक्याला काम लागले का, तमका कोठे दिसला, यंदा हिवाळा कसा जाणार, त्रिनिदादला परत कधी. गेल्या रविवारी हेच बोलले होते, पुढल्या रविवारी हेच बोलतील. मोझेस या चेहऱ्यांकडे पाहतो आणि त्याच्या पोटात कालवते. दर वर्षी तो म्हणतो, आता हा हिवाळा शेवटचा. मग उन्हाळा येतो, झाडे हिरवी होतात, आणि परत जाण्याचे राहून जाते.

येथे माझ्या तक्रारीचे उत्तर मिळाले. या खोलीत सगळे आहेत आणि प्रत्येकजण एकटा आहे, असे म्हणून टीकाकार मोकळे होतात. मला ते पुरेसे वाटत नाही. ती गर्दी खोटी नव्हे. उसने पैसे खरे आहेत, चहा खरा आहे. उणीव आहे ती वेगळीच: या खोलीबाहेर दुसरी खोली त्यांच्यासाठी नाही. जागा भाड्याने मागायला गेले तर गोऱ्या घरमालकांची दारे बंद. एका पोलिश माणसाच्या उपाहारगृहात रंग पाहून दारातूनच परत पाठवतात, आणि तो मालक स्वतः परका! गॅलाहड एका रात्री आपल्या हाताकडे पाहून त्या हाताच्या रंगाशीच बोलू लागतो. तुझ्यापायी हे सारे चालले आहे, असे त्या रंगाला बजावतो. इतके विनोदी आणि इतके केविलवाणे पान मी क्वचित वाचले आहे. आपापसांतच भेटण्याची सक्ती झालेली माणसे एकमेकांना कितीही भेटली तरी त्यांची भूक भागत नाही, एवढेच मला त्यातून समजले.

आपल्या मुंबईकडे पाहा. गिरणगावात कोकणातून आलेले गडी एका गाळ्यात वीस-वीस राहत. पाळ्या लावून झोपत, जेवायला खानावळ. धोबीतलावच्या आसपास गोवेकरांचे कूड आहेत. प्रत्येक कूड एकेका गावाचा, आत वेदी, संध्याकाळी रोझरी, भिंतीवर नियम. बोटीवर काम करणारा खलाशी दोन सफरींच्या मधले दिवस तेथे काढतो आणि त्याची पेटी तेथेच असते. परगावी आलेल्या माणसाची सोय म्हणून कूड मला फार शहाणपणाची वाटते. तेथे कोणा एका मनुष्याच्या चांगुलपणावर भार नसतो. कोणी मेला, कोणी आफ्रिकेला गेला, तरी गावाचा कूड चालू राहतो. मोझेसच्या खोलीला ना वेदी ना नियम. तेथे फक्त मोझेस आहे. त्याने एका रविवारी दार उघडले नाही तर दहा माणसांचे रविवार गेले. त्या बिचाऱ्यावर केवढे ओझे आहे, हे सेल्व्हन एका शब्दानेही सांगत नाही, आणि कादंबरीभर जाणवत राहते. लंडनच्या मराठी माणसांनी मात्र १९३२ सालीच आपले महाराष्ट्र मंडळ काढले होते. मंडळ काढण्याच्या आपल्या हौसेला आपण हसतो खरे. ही कादंबरी वाचल्यापासून मी ते हसणे कमी केले आहे.

आणि आता आत्याबाई. पुस्तकात तिला ‘टँटी’ म्हणतात. लंडनला येण्याची तिला कोणी गळ घातली नव्हती. पुतण्यांची काळजी घ्यावयास कोणी नको का, म्हणून ती आपली आली. हॅरो रोडच्या बाजूला कामकऱ्यांच्या वस्तीत राहते, बाजारहाट करते, आणि एके दिवशी वाण्याला सांगते, की आमच्याकडे उधारी चालते, तुझ्याकडे का चालत नाही? वही कर आणि लिहीत जा, आठवड्याला पैसे देते! दुकानदार आधी चक्रावतो, मग वही ठेवतो, आणि पुढे त्या रस्त्यावरच्या गोऱ्या बायकाही उधारीवर सामान नेऊ लागतात. मला वाटते, या कादंबरीत लंडन शहराशी खऱ्या अर्थाने ओळख करून घेतली असेल तर ती या बाईने. पुरुष मंडळी मार्बल आर्चला ‘आर्च’ म्हणतात, बेजवॉटरला ‘वॉटर’ म्हणतात, शहर जिंकल्याच्या गोष्टी करतात, आणि रविवारी पुन्हा त्याच खोलीत येऊन बसतात. आत्याबाई आपल्या चार गल्ल्यांबाहेर पडत नाही. कपाटाच्या किल्लीपायी एकदाच ती भुयारी रेल्वेत पाऊल टाकते, तेही देवाचे नाव घेत. परंतु त्या चार गल्ल्यांत तिला नावाने हाक मारणारी माणसे आहेत. पुढे हॅरिस नावाचा एक अतिसभ्य गृहस्थ सेंट पँक्रस हॉलमध्ये नाचाचा कार्यक्रम ठेवतो. गोऱ्या पाहुण्यांसमोर आपली माणसे नीट वागावीत म्हणून तो घाबराघुबरा झालेला, आणि नेमकी ही आत्याबाई, त्याला लहानपणी पाहिलेली, भर सभेत त्याला नाचायला ओढते! हसून हसून पुरेवाट होते. आपल्या गणेशोत्सवातल्या पाहुणे आणि चिटणीस यांची आठवण होऊन मी तर एकट्यानेच मोठ्याने हसलो, आणि बऱ्याच दिवसांनी आपला आवाज ऐकला.

भाषेबद्दल बोलले पाहिजे. सेल्व्हनने ही कादंबरी प्रथम शिष्ट इंग्रजीत लिहावयास घेतली होती. ती पुढे सरकेना. मग त्याने निवेदनसुद्धा त्रिनिदादच्या बोलीच्या वळणाने लिहिले आणि गाडी चालू लागली. बोलीतले संवाद ही आपल्याला नवलाई नाही. पण सांगणारा लेखक शुद्ध बोलणार आणि पात्रे तेवढी अशुद्ध, ही पंगतीतली वेगळी पाने येथे नाहीत. मराठीत भाऊ पाध्ये यांनी ‘वासूनाका’मध्ये १९६५ साली नाक्यावरच्या पोराच्याच तोंडून नाका सांगितला, तेव्हा काय खळबळ उडाली होती हे जुन्या वाचकांना आठवत असेल. सेल्व्हनने जवळजवळ दहा पानांचा लंडनचा उन्हाळा एकही विरामचिन्ह न घालता लिहिला आहे. वाचताना आधी दम लागतो, मग लक्षात येते की आठ महिने अंगावर कोट वागवलेल्या माणसाचा उन्हाळा असाच धापा टाकीत येणार.

आपल्या वाचकांना इंग्लंड ठाऊक आहे ते बहुतांशी प्रवासवर्णनांतून. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ किंवा पु. ल. देशपांड्यांची १९६० सालची ‘अपूर्वाई’ आवडली नाही असे मराठी घर विरळा. त्या पुस्तकांवर माझे प्रेम आहे. तथापि प्रवाशाच्या खिशात परतीचे तिकीट असते, आणि त्यामुळे त्याला भेटणारा प्रत्येक माणूस गोड लागतो. चौथ्या वर्षाची संध्याकाळ प्रवासवर्णनात येऊच शकत नाही. ती लिहावयाची तर तेथे भाडे भरून, गॅसच्या मीटरमध्ये नाणी टाकून राहिले पाहिजे. आज मराठी माणसे जगभर पांगली आहेत. त्यांच्यातल्या कोणी ही संध्याकाळ इतक्या हसऱ्या तोंडाने लिहिलेली मला वाचावयाची आहे.

पुस्तकात दोष नाहीत असे नाही. आत्याबाई सोडली तर बायका नुसत्या येतात आणि जातात; गोऱ्या मुली तर बहुतेक नावाच्याही धनी नाहीत. लुइस आपल्या बायकोला संशयाने मारझोड करतो, ती घर सोडून जाते, आणि हा सारा प्रकार लेखक जणू एक किस्सा म्हणून सांगतो. अॅग्नेसचे त्या परक्या शहरात पुढे काय झाले, ती कोणाच्या खोलीवर रविवारी जाऊन बसली, हे विचारावेसे त्याला वाटत नाही. मला हे पान दर वेळी खटकते. पुरुषांच्या भटकंतीच्या काही गोष्टी घरातल्या मुलांसमोर मोठ्याने वाचण्याजोग्या नाहीत, हेही सांगून ठेवतो. कॅप समुद्रपक्षी पकडून खातो तो प्रसंग मात्र मुलांना जरूर वाचून दाखवावा. ती किळसही करतील आणि पुन्हा वाचा म्हणूनही सांगतील.

माझे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. पुस्तक वाचून मी काही लगेच माणसांत गेलो नाही. पुस्तकाने तसे होत नसते. फेब्रुवारीत एका शनिवारी टेलिफोन वाजला. पलीकडे एक वयस्कर बाई होत्या; दोन-अडीच वर्षांपूर्वी एका हळदीकुंकवाच्या वेळी नवऱ्यांची म्हणून जी वेगळी बैठक बसते, तीत मी त्यांच्याकडे एकदाच गेलो होतो. इतके दिवस कोठे होतात वगैरे त्यांनी काही विचारले नाही. म्हणाल्या, “अहो, तुमच्याकडे मोठे पातेले आहे ना? वीस माणसांची खिचडी होईलसे? उद्या सकाळी घेऊन या. आणि येताना स्टेशनवर आमच्या नणंदबाई उतरतील, त्यांना इंग्रजी येत नाही, त्यांनाही घेऊन या.” मी चडफडलो. बाहेर बर्फाचा चिखल झाला होता. पातेले काढले तर त्यात तीन वर्षांची धूळ. ते घासता घासता मला वॉटर्लूला निघालेला मोझेस आठवला, आणि खरे सांगतो, थोडा ओशाळलो.

नणंदबाईंनी फलाटावर मला पाहताच विचारले, “पातेल्याला झाकण नाही का आणलेत?”

सेल्व्हनने मोझेसला नंतरही सोडले नाही. १९७५ च्या ‘मोझेस असेंडिंग’मध्ये मोझेस स्वतःचे जुनेपुराणे घर विकत घेतो, वरच्या मजल्यावर राहावयास जातो आणि ठरवतो, की आता कोणाचे लचांड नको, शांतपणे बसून आठवणी लिहावयाच्या. घर भरायला वेळ लागत नाही, आणि शेवटी मालक स्वतःच तळघरात!